माईक रॉयको : शिकागोचा रोजचा स्तंभकार

वृत्तपत्रातील स्तंभलेखन हा किती जिकिरीचा व्यवसाय आहे, याचा विचार करताना मला शिकागोचे माईक रॉयको आठवतात. १९३२ मध्ये जन्मलेल्या रॉयको यांचे बालपण आईवडिलांच्या दारूच्या गुत्त्याच्या वातावरणात गेले, आणि तिथे कानावर पडलेली कष्टकऱ्यांची रोखठोक बोली त्यांनी पुढे आपल्या लेखनात जशीच्या तशी उतरवली. हवाई दलात असताना तळावरच्या वृत्तपत्रातून त्यांची पत्रकारिता सुरू झाली; नंतर ‘शिकागो डेली न्यूज’मध्ये ते आठवड्यातून पाच दिवस स्तंभ लिहू लागले. सुमारे तीन दशकांत साडेसात हजारांहून अधिक लेख! हा आकडा मला पुरस्कारांपेक्षा मोठा वाटतो, जरी १९७२ चे पुलित्झर हे पत्रकारितेतील मानाचे अमेरिकन पारितोषिकही त्यांना मिळाले होते.

शिकागोचे महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या सत्तायंत्रणेवर त्यांचा विशेष रोख असे आणि १९७१ मध्ये त्यांनी डेलींवर ‘बॉस’ हे पुस्तकही लिहिले. शहराचे ब्रीदवाक्य बदलून ‘माझा वाटा कुठे?’ असे करावे, ही त्यांची सूचना तर आपल्याकडच्या कोणत्याही महापालिकेला शोभेल. स्लॅट्स ग्रॉबनिक या काल्पनिक मित्राच्या तोंडून ते सामान्य माणसाचा तिरकस शहाणपणा मांडत.

१९७८ मध्ये ‘डेली न्यूज’ बंद पडल्यावर ते ‘सन-टाइम्स’मध्ये गेले, परंतु १९८४ मध्ये ते पत्र माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांनी विकत घेताच रॉयको प्रतिस्पर्धी ‘ट्रिब्यून’मध्ये दाखल झाले आणि १९९७ मधील मृत्यूपर्यंत तिथेच लिहीत राहिले.