दोन आणि सहा

जुलैतल्या बेळगावात कुठलाही वास एकटा येत नाही. भिंतींची ओल, न वाळलेले टॉवेल, दारातलं पायपुसणं, कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्र्या, सगळं एकात एक मिसळलेलं असतं. 2023 च्या जुलैत आमच्या हॉटेलच्या लहान हॉलमध्ये मी रेड वाइनचं ब्लाइंड टेस्टिंग, म्हणजे लेबल झाकून चाखणं, ठेवलं, तेव्हा हे मला पक्कं ठाऊक होतं. पण नवं वाइन कार्ड त्याच आठवड्यात छापायला जायचं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीला सकाळची उदबत्ती लावू नको म्हणून सांगितलं, हॉलच्या खिडक्या उघडल्या, पंखे सोडले. याहून जास्त काही हातात नव्हतं.

वाइन सहा होत्या आणि सगळ्या 2020 च्या, म्हणजे त्या वर्षी उतरलेल्या द्राक्षांच्या. शिराझ, कॅबरने, सांजोव्हेसे ही काळ्या द्राक्षांच्या जातींची नावं. दिंडोरीची शिराझ, नाशिकचीच एक कॅबरने-शिराझ, अकलूजची सांजोव्हेसे, नंदी हिल्सची आणि हंपीकडची कॅबरने, आणि विजयपूर भागातल्या द्राक्षांची शिराझ. वर्ष एकच ठेवायचा माझा हट्ट असतो. 1976 साली पॅरिसला कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रेंच वाइन लेबल झाकून चाखल्या होत्या; त्या गाजलेल्या परीक्षेत कॅलिफोर्नियाची 1973 ची कॅबरने पहिली आली, पण तिच्यासमोर फ्रान्समधल्या बोर्दोच्या बाटल्या 1970 आणि 1971 च्या होत्या. वय वेगळं, हवामान वेगळं. वर्ष एक असलं की निदान एवढं तरी बाजूला होतं आणि जमीन, जात नि करणाऱ्याचा हात यांचं बोलणं ऐकू येतं.

आणि 2020 हे वर्ष आमच्याकडे कोण विसरेल? 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत न थांबलेला पाऊस, फळछाटणी लांबलेली, बागांवर डाउनी हा बुरशीचा रोग. त्यातून जी द्राक्षं वाचली ती फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरली आणि लगेच टाळेबंदी लागली. प्रत्येक बाटलीत कुणाची तरी ती काळजी भरलेली आहे, असं मला वाटतं. म्हणून चाखायला अथणीच्या एका द्राक्ष बागायतदारांनाही बोलावलं होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते बेदाणे करतात, वाइन क्वचितच घेतात. शिवाय आमचे शेफ, मॅनेजर सर, बारमधला एक शिकाऊ मुलगा आणि मी, असे पाच जण.

बाटल्या स्टोअरच्या काकूंच्या ताब्यात दिल्या. त्यांनी त्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावायचे, मनाला येईल तसे नंबर घालायचे. वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून काढायच्या, कारण खोलीच्या उबेत दारूचा झणका वर येतो. आणि सहातली कुठलीही एक वाइन दोन वेगळ्या नंबरांनी लावायची, कुठली ते मलाही सांगायचं नाही. आपली जीभ एकाच वाइनला दोनदा सारखंच मोजते का, हे त्यातून कळतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर प्रत्येकापुढे सात ग्लास, ग्लासात 50 मिली, मध्ये पाणी, साधा पाव आणि थुंकायला स्टीलचं भांडं. गुण वीसपैकी. सगळ्यांचे कागद भरेपर्यंत बोलणं बंद.

पहिल्या ग्लासापाशी फार थांबले नाही. दुसऱ्याशी मात्र थांबले. जांभळाचा गर, पिकलेलं करवंद, आणि मागून ताज्या कुटलेल्या मिऱ्याची झाक. शिराझचा हा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, तेच काळ्या मिरीतही असतं. तुरटपणा होता, पण हिरड्यांवर ओरखडा न काढणारा. मी सतरा दिले. चौथ्यात ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास आला, म्हणजे कॅबरने. तेव्हा अण्णांना राहवलं नाही. हळूच म्हणाले, “ताई, ह्येचं बी कच्चं ऱ्हायलंय बघा. बी चावल्यागत लागतंय.” मी ओठांवर बोट ठेवलं, पण मनात दाद दिली. गोडी भरली म्हणून घड काढला आणि बी अजून हिरवंच, हे कधी कधी होतं. हे ओळखायला आम्हाला कोर्स करावे लागतात. त्यांनी ते आयुष्यभर बागेत उभं राहून, मणी तोंडात टाकून शिकलेलं.

सहावा ग्लास सपाट होता. रंग गडद, छान. नाकाला काहीच नाही. तोंडात नुसता तुरटपणा आणि आंबटपणा, मधलं फळ कुणी काढून घेतल्यासारखं. थोडा ओलसर वास वाटला, पण तसा तर सगळा हॉलच ओलसर होता. मी कागदावर लिहिलं, “फळ नाही, सपाट. 10.”

बेरीज केली तेव्हा दोन नंबर सर्वांत वर होता, शंभरपैकी 81. सहा सर्वांत खाली, 52. मॅनेजर सर म्हणाले, “सहा काढून टाकू, दोन घेऊ. झालं काम.” काकू कागद सोडवायला लागल्या आणि दोन नि सहा शेजारी शेजारी ठेवून म्हणाल्या, “ह्या दोन्ही एकच हाईत.”

विजयपूरची शिराझ. तेच लेबल, तेच वर्ष.

हॉलमध्ये कुणी बोलेना. मला कानशिलं गरम झालेली जाणवली. दहा वर्षं मी हे काम करते. एकाच वाइनला सतरा आणि दहा? पहिला संशय क्रमावर गेला. पाचवी कॅबरने जबर होती, तिच्यामागून येणारी फिकी वाटू शकते. सगळ्यांना पाणी प्यायला लावलं, पाव खायला लावला आणि उलट्या क्रमाने पुन्हा चाखलं, आधी सहा, मग दोन. फरक तसाच राहिला.

मग मी काकूंना विचारलं, “दोन्ही ग्लास एकाच बाटलीतले ना?”

“न्हाई. एकच बाटली वापरली तर ती जास्त रिकामी दिसंल, तुमी वळखणार की. म्हणून मी दुसरी फोडलो.”

सहाव्या ग्लासाला एव्हाना तासभर हवा लागली होती. नाक आत घातलं आणि आता तो वास लपला नाही. गोदामात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा. बाटलीचं बूच मागवून हुंगलं, त्यालाही तोच पुसट वास. ट्रायक्लोरोअॅनिसोल, बोलण्यात टीसीए. बुचाच्या सालीतली बुरशी क्लोरीनयुक्त द्रव्यांवर वाढली की ते तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. तब्येतीला त्याचा अपाय नाही. प्रमाण जास्त असेल तर वास कुणीही ओळखेल आणि बाटली परत जाईल. कमी असेल तर फसवणूक मोठी, कारण तेव्हा पुठ्ठ्याचा वास येत नाही, नुसतं फळ नाहीसं होतं, आणि पिणाऱ्याला वाटतं वाइनच अशी आहे. त्या दिवशी तर पावसाने त्या वासाला आडोसाच दिला होता.

खात्रीसाठी तिसरी बाटली फोडली. जांभूळ, करवंद, मिरे. अण्णांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ही चांगली. मघाचीच.” विजयपूरची शिराझ कार्डावर गेली.

सगळे गेल्यावर मी हॉलमध्येच बसून राहिले. काकूंनी आपणहून ती दुसरी बाटली फोडली नसती, आणि ती नेमकी खराब निघाली नसती, तर मला काहीच कळलं नसतं. समजा पहिलीच बाटली खराब असती तर? पाच जणांनी मान डोलावली असती आणि एक चांगली वाइन पूर आणि पाऊस झेलून इथवर येऊन आमच्या टेबलावर मेली असती. लेबल झाकलं म्हणजे न्याय झाला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण मी मोजत होते ती एक बाटली, आणि निकाल देत होते त्या वाइनचा.

मग मी ऑफिसात जाऊन आदल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. एका लहान उत्पादकाची कॅबरने मी नाकारली होती. त्यांनी नंतर दोनदा फोन करून कारण विचारलं होतं आणि मी गुण वाचून दाखवले होते. शेरा माझ्याच अक्षरात होता. “फळ नाही, सपाट.” पुढच्या रकान्यात, बाटल्या: 1.

रात्रीचे साडेनऊ झाले होते, तरी फोन लावला. आधी माफी मागितली, मग झालेलं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मी म्हटलं, दोन बाटल्या पाठवा, पैसे आम्ही देऊ, फक्त दोन वेगळ्या खोक्यांतून काढून द्या.