टेप संपली तिथे

दोन इंची टेपची पाच रिळं आदल्या दिवशी ५४ अंश सेल्सिअसला आठ तास तापवून, मग सावकाश निववून ठेवली होती. १९७०-८०च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांमध्ये चुंबकीय भुकटी धरून ठेवणारं रसायन हवेतली ओल शोषून चिकट होतं. अशी टेप तशीच लावली तर मशीनच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राप साचतो, आणि तो राप म्हणजेच सोलून निघालेलं गाणं असतं. तापवल्यावर ती काही आठवडे नीट चालते. (जुन्या अ‍ॅसिटेट टेपला मात्र हा उपाय चुकूनही करू नये, ती कामातून जाते.) म्हणून पहिल्याच फेरीत टेपवरचे चोवीसही ट्रॅक, म्हणजे वेगवेगळ्या ध्वनिपट्ट्या, संगणकावर उतरवून घ्यायचे, असा माझा शिरस्ता आहे.

बँड फुटून बरीच वर्षं झाली होती. अल्बमांमधून वगळलेल्या गाण्यांचा एक शेवटचा अल्बम काढायचा होता. चौघांनीही संमती दिली होती, पण वेगवेगळ्या पत्रांनी. स्टुडिओत आले ते फक्त बासवादक.

पहिल्या दोन रिळांवर अपेक्षेप्रमाणेच निघालं: अर्धवट टेक, शब्दांऐवजी नुसती गुणगुण असलेले गाईड व्होकल, म्हणजे खुणेपुरते गायलेले आवाज. वगळलं ते योग्यच, असं मला दोनतीनदा वाटलं. शिल्लक आहे एवढ्यावरून कुठलंही गाणं प्रसिद्ध करू नये.

तिसऱ्या रिळावर एक गाणं संपलं, पण टेप कुणी थांबवली नव्हती. गिटारवर एक सूर सहज छेडला गेला. थोड्या वेळाने ड्रमवर हलका ठेका आला, मग बास. बासवादक खुर्चीत पुढे सरकले. "हे रेकॉर्ड झालंय हे आम्हाला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. गायक माइकपासून लांब होता, त्याचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये झिरपलेला. शब्द कळत नव्हते. चौघं एकमेकांचं इतकं लक्षपूर्वक ऐकत होते की मी आवाजाची लेव्हल बघायचंही विसरले.

आणि ऐन भरात आवाज तुटला. रिकामं रीळ फटफट फिरत राहिलं. सेकंदाला ३० इंच वेगाने २,५०० फुटांचं रीळ साधारण साडेसोळा मिनिटांत संपतं. ते संपलं होतं.

"पुढे अजून बराच वेळ वाजवलं आम्ही," ते म्हणाले. "शेवट मला आठवतोय. आत्ता वाजवून जोडता येईल?"

जोडता आलं असतं. आवाज तुटतो त्या जागी तो हळूहळू कमी करणं तर त्याहून सोपं होतं. मी त्यांना लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'कोडा' अल्बमबद्दल सांगितलं. ड्रमर जॉन बोनम १९८० मध्ये गेला, बँड थांबला आणि १९८२ मध्ये उरलेल्या रेकॉर्डिंगचा हा अल्बम आला. त्यातलं पहिलं गाणं १९७० च्या लंडनमधल्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या मैफलीचं, पण प्रेक्षकांचा आवाज काढून आणि गिटार नव्याने भरून ते स्टुडिओतलं भासवलेलं होतं. गाणं जोरकस आहे, मला आवडतं. पण ती खोली खोटी आहे हे कळल्यापासून मी ते पूर्वीसारखं ऐकू शकलेले नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदा ऐकताना टेप संपली तिथून पुढे त्यांची बोटं गुडघ्यावर चालत राहिली, डोळे मिटलेले. मी घड्याळ पाहिलं नाही आणि मधे बोलले नाही. बोटं थांबल्यावर त्यांनी ट्रॅक शीट ओढून घेतलं. गाण्याच्या नावाची जागा कोरी सोडून तपशिलाच्या रकान्यात लिहिलं: 'टेप इथे संपली.' मग फोन घेऊन बाहेर गेले, ड्रमरला लावायला.