तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सला लेखी परीक्षा कशाला?

“अंगात सेवाभाव असला की झालं, नर्सला पेपर कशाला लिहायला लावता?” मी नर्सिंग शिकवते हे कळल्यावर हे मला हमखास विचारलं जातं. ही शंका जुनी आहे, आणि ती ठामपणे मांडणाऱ्यांत खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा सुरू झाली. तिथे दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरला जाई: वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, वॉर्डातलं काम. हे गुण रोज सोबत असणाऱ्यालाच दिसतात, परक्या परीक्षकाला कसे कळणार, असं बाईंचं म्हणणं. एथेल बेडफर्ड फेनविक या ब्रिटिश नर्सला ते पटलं नाही. तीन वर्षांचं शिक्षण, मग परीक्षा आणि उत्तीर्ण झालेल्यांची एकच जाहीर नोंदवही, ही त्यांची मागणी. त्यासाठी १८८७ मध्ये त्यांनी ब्रिटिश नर्सेस असोसिएशन उभारली. वाद तीसेक वर्षं चालला.

मी फेनविकबाईंच्या बाजूची आहे. तेव्हा कुणीही स्वतःला नर्स म्हणवू शकत असे. मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचा, तक्ता कितीही खरा असला तरी तो रुग्णालयातच राहतो. तापाने फणफणलेल्या माणसाला तो कोण दाखवणार? औषधाची मात्रा दहापट चुकली, तर देणारी कितीही प्रेमळ असली तरी रुग्णाच्या जिवावरच बेततं.

न्यूझीलंडने १९०१ मध्येच नर्सच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात सरकारी परीक्षा घातली. जानेवारी १९०२ मध्ये एलन डॉहर्टी यांचं नाव तिथल्या वहीत पहिलं लागलं. १९०३ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाने नोंदणी सुरू केली. ब्रिटनचा कायदा मात्र १९१९ चा.

अमेरिकेत प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात नर्स तातडीने हव्या होत्या, आणि पेपर तपासून निकाल लागायला फार वेळ जाई. १९४४ पासून राज्यांसाठी सामायिक प्रश्नपत्रिका आली, यंत्राने तपासता येणारी. पुढे तिचे विषय वैद्यकीय, शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग, मानसोपचार असे वेगवेगळे. हे मला कधीच पटलं नाही. गरोदर बाईला न्यूमोनिया झाला तर ती कुठल्या पेपरात बसते? १९८२ मध्ये एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची नवी परीक्षा आली आणि त्या भिंती पडल्या. निरीक्षण, नियोजन, कृती, परिणाम या क्रमाने नर्स विचार कसा करते, ते तपासणं सुरू झालं.

१९९४ पासून ती संगणकावर होते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. पात्रतेबद्दल पुरेशी खात्री झाली की यंत्र थांबतं, त्यामुळे शेजारशेजारच्या दोघींना प्रश्नही सारखे नसतात आणि त्यांची संख्याही. २०२३ पासून काही प्रश्नांत रुग्णाच्या नोंदीच समोर येतात: यातलं काळजीचं काय, आणि आधी काय कराल?

माया या परीक्षेत मोजली जात नाही. तिथे नाइटिंगेलबाईंचंच खरं, आणि म्हणूनच वॉर्डातलं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. शिवाय नव्या नर्स कामावर प्रत्यक्ष काय करतात याची पाहणी ठरावीक वर्षांनी होते, आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडा तिच्यावरून ठरतो.