७५० जीईव्हीचा उंचवटा

‘सर्नला एक नवा कण सापडला होता ना, मग तो खोटा निघाला’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते एकदा नीट खोडून काढायचंच आहे. डिसेंबर २०१५ ते ऑगस्ट २०१६ या आठ महिन्यांतली ही गोष्ट. माझ्या वयाच्या कुठल्याही कणभौतिकीवाल्यापुढे नुसतं ‘सातशे पन्नास’ म्हणा, पुढचं काही सांगावं लागत नाही. आणि कण सापडला, असा दावा सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेतल्या सीएमएस आणि अ‍ॅटलास या दोन्ही प्रयोगांपैकी एकानेही केलेला नव्हता.

१५ डिसेंबर २०१५ला सर्नच्या सभागृहात दोन भाषणं झाली. आमच्या सीएमएस प्रयोगातर्फे जिम ओल्सन बोलले, अ‍ॅटलासतर्फे मारुमी काडो. प्रोटॉनांच्या टकरी घडवणारा लार्ज हेड्रॉन कोलायडर त्या वर्षी पहिल्यांदाच १३ टीईव्ही ऊर्जेवर चालला होता (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही; कणांची ऊर्जा आणि वस्तुमान आम्ही याच एककांत मोजतो), म्हणजे हिग्ज बोसॉन सापडला तेव्हाच्या ८ टीईव्हीपेक्षा कितीतरी वर. मी तेव्हा पीएचडी करत होते. आम्ही काही जण मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत संध्याकाळी वेबकास्ट लावून बसलो होतो. आमचा आलेख आम्हाला अर्थातच ठाऊक होता: दोन फोटॉन बाहेर पडलेल्या टकरींमध्ये ७६० जीईव्हीच्या आसपास किंचित जास्त घटना, स्थानिक पातळीवर २.६ सिग्मा. (सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगाने असा उंचवटा येणं किती अवघड, याचं माप; ते पुढे सांगते.) असे उंचवटे आमच्याकडे येत-जात असतात. अ‍ॅटलासचा आलेख मात्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. दोन्ही प्रयोग आपापले निकाल जाहीर होईपर्यंत एकमेकांना दाखवत नाहीत, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो. काडोंच्या स्लाइडवर ७५० जीईव्हीपाशी ३.६ सिग्मा दिसले आणि खोलीत सगळे एकदम बोलायला लागले.

तो आलेख कसा तयार होतो, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिवाय माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलंय.

सीएमएस हा १४,००० टनांचा डिटेक्टर फ्रान्समधल्या सेसी गावाजवळ जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल उभा आहे. त्यात लेड टंगस्टेटचे ७५,८४८ स्फटिक बसवलेत. दिसायला काचेसारखे स्वच्छ, पण त्याच आकाराच्या लोखंडाच्या तुकड्यापेक्षाही जड. फोटॉन स्फटिकात शिरला की इलेक्ट्रॉन, पॉझिट्रॉन आणि आणखी फोटॉन यांची सर कोसळते, स्फटिक क्षणभर उजळतो आणि त्या उजेडावरून आपण ऊर्जा मोजतो. दोन फोटॉनांच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन कळला की ज्या कणापासून ते निघाले असतील त्याचं वस्तुमान मांडता येतं. अशा लाखो जोड्यांचा आलेख काढला तर तो उजवीकडे झपाट्याने उतरत जातो, कारण जड वस्तुमानाच्या जोड्या दुर्मीळ. खरोखरच एखादा कण असेल तर त्या उतारावर ठरावीक जागी उंचवटा येतो. २०१२मध्ये हिग्ज १२५ जीईव्हीला दिसला, तो असाच.

अडचण अशी की हे स्फटिक किरणोत्साराने काळवंडतात, आणि बीम थांबला की थोडेसे सावरतात. म्हणून यंत्र चालू असतानाच लेसरचा झोत सोडून प्रत्येकाची पारदर्शकता पुन्हा पुन्हा तपासली जाते आणि त्यानुसार ऊर्जेची दुरुस्ती होते. माझं काम त्या दुरुस्तीच्या शेवटच्या टप्प्यावर होतं. झेड बोसॉन या जुन्या ओळखीच्या कणाचं वस्तुमान ९१.२ जीईव्ही, हे आधीच्या एलईपी या यंत्रामुळे फार बारकाईने माहीत आहे. झेडपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, आणि स्फटिकात इलेक्ट्रॉन जवळजवळ फोटॉनसारखाच वागतो. तेव्हा आपल्या मोजणीत झेड जागच्या जागी येतोय का, हे डिटेक्टरच्या प्रत्येक भागासाठी, प्रत्येक कालखंडासाठी बघायचं. कंटाळवाणं काम म्हणतात याला. मला ते कधीच तसं वाटलं नाही. तिथे चूक राहिली तर खरा उंचवटा पसरून सपाट होतो.

७५० जीईव्हीपाशी आणखी एक चिंता होती. एकाच स्फटिकात दीडशे-दोनशे जीईव्हीच्या वर ऊर्जा पडली की तिथलं इलेक्ट्रॉनिक्स आपोआप कमी प्रवर्धनावर (गेनवर) जातं, नाहीतर सिग्नल मावणारच नाही. झेडपासून आलेले बहुतेक इलेक्ट्रॉन या मर्यादेच्या खालीच असतात. ७५० जीईव्हीच्या कणाचे फोटॉन मात्र बरोबर त्या सीमेवर आणि पलीकडे. त्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्या गटात कुणी भेटलं की पहिला प्रश्न असायचा, ‘गेन बदलतो तिथे काय दिसतंय?’ उंचवटा यंत्रानेच तयार केलेला नाही ना, हे आधी बघायचं असतं.

त्या वर्षी सीएमएसच्या चुंबकाला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत अडथळे आले होते आणि काही डेटा चुंबकीय क्षेत्र शून्य असताना घेतला गेला होता. एरवी तिथे ३.८ टेस्लाचं क्षेत्र असतं. त्यात विद्युतभारित कणांचे मार्ग वळतात आणि त्या वळणावरून संवेग कळतो. क्षेत्र नसेल तर बहुतेक विश्लेषणांसाठी तो डेटा टाकाऊ. फोटॉनवर मात्र विद्युतभार नसतो, तो तसाही सरळच जातो. मग आमच्याच गटांतल्या लोकांनी त्या शून्य टेस्लाच्या डेटासाठी ऊर्जेची दुरुस्ती वेगळी बसवली, फोटॉन नेमक्या कुठल्या टकरीतून निघाले ते ठरवण्याची पद्धत वेगळी केली आणि मार्च २०१६च्या मोरियाँ परिषदेत तो डेटा जोडून निकाल मांडला. आमचा आकडा वाढला! जुन्या ८ टीईव्हीच्या डेटासह स्थानिक ३.४ सिग्मा. त्या कामाबद्दल मला आजही मनापासून आदर आहे, निकाल पुढे काहीही लागला असला तरी.

आता सिग्माचं. ३.६ सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगाने, ठरलेल्या त्या एका जागी, एवढा उंचवटा येण्याची शक्यता साधारण सहा हजारांत एक. हे वाचून कुणाचाही विश्वास बसेल. पण आम्ही ७५० ही एक जागा आधी ठरवून बघितलेली नव्हती. शेकडो जीईव्हींच्या पट्ट्यात जागोजागी बघितलं, कण अरुंद असेल किंवा रुंद असेल असंही बघितलं. इतक्या ठिकाणी शोधलं की कुठेतरी उंचवटा सापडणारच. ते सगळं हिशेबात धरल्यावर अ‍ॅटलासचे ३.६ सिग्मा २.० वर उतरतात, म्हणजे चाळीस-पन्नासांत एकदा. आमचे २.६ उतरून १.२ होतात. आणि कण सापडला म्हणायला लागतात पाच सिग्मा, पस्तीस लाखांत एक. हे सगळे आकडे डिसेंबरच्या त्या भाषणांत पडद्यावर होते. बऱ्याच वर्तमानपत्रांत फक्त पहिला आकडा छापून आला.

सैद्धांतिक भौतिकीवाल्यांनी आठ महिन्यांत यावर पाचशेच्या वर शोधनिबंध लिहिले. त्यावरून त्यांना नावं ठेवणारे तेव्हाही होते, आताही आहेत. मला ते पटत नाही. मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतात, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलमध्ये, ७५० जीईव्हीच्या अशा कणाला जागाच नव्हती. तो खरा असता तर आणखी कुठे दिसायला हवा, दोन झेडमध्ये की झेड आणि फोटॉनमध्ये की जेट्समध्ये, म्हणजे कणांच्या फवाऱ्यांत, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळणार होतं. त्यातल्या कित्येक सूचना आम्ही खरोखर तपासल्या.

त्याच काळात बाबांचा कराडहून दर रविवारी फोन यायचा. ते शाळेत गणित शिकवायचे. ‘काय गं, आलं का काही?’ मी सांगायचे, ‘बाबा, नवा डेटा येईपर्यंत काहीच बोलता येणार नाही.’ एकदा ते म्हणाले, ‘म्हणजे तुम्हाला तो असावा असं वाटतंय, म्हणूनच तुम्ही जास्त जपताय.’ नेमकं तेच होतं. मला तो कण हवा होता. आमच्यातल्या प्रत्येकाला हवा होता.

म्हणून तर डोळ्यांवर पट्टी बांधून काम करायचं. २०१६चा डेटा मे महिन्यापासून धडाक्याने येऊ लागला, पण घटना कशा निवडायच्या, बॅकग्राउंड (नेहमीच्याच प्रक्रियांतून येणाऱ्या घटना) कसं मोजायचं, अनिश्चितता किती धरायची हे सगळं गोठवल्याशिवाय ७५०च्या आसपासचा भाग कुणी बघायचा नाही. आलेखाचा तो पट्टा रिकामा ठेवलेला असतो. कारण उंचवटा दिसत असताना निवडीची एखादी अट इकडची तिकडे करावीशी वाटते, आणि दर वेळी त्यासाठी चांगलं कारणही सापडतं. मग ठरलेल्या दिवशी पट्टी काढायची आणि जे दिसेल ते छापायचं. माझ्या मते आमच्या शास्त्रात सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, डिटेक्टरपेक्षाही.

पट्टी काढली तेव्हा तिथे उतार होता, सरळ, वळण नसलेला. ५ ऑगस्टला शिकागोच्या परिषदेत दोन्ही प्रयोगांनी ते जाहीर केलं. आमच्याकडे २०१६चा १२.९ व्यस्त फेम्टोबार्न डेटा होता. एक व्यस्त फेम्टोबार्न म्हणजे सुमारे ८० लाख कोटी टकरी; डिसेंबरमधला निकाल जेमतेम २.६ व्यस्त फेम्टोबार्नवर उभा होता. अ‍ॅटलासचा २०१५चा उंचवटाही मोजक्याच घटनांचा होता, डझनभराच्या आसपास. मला वाईट वाटलं. त्या रात्री जेवण गेलं नाही, हे खरं आहे. पण दोन प्रयोगांनी स्वतंत्रपणे, न बघता, एकच उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर मी अजूनही कुणापुढेही ताठ मानेने मांडते.

हिग्जनंतर या यंत्रात नवा मूलकण सापडलेला नाही. याच यंत्रावरच्या एलएचसीबी प्रयोगाला पेंटाक्वार्कसारखे कितीतरी नवे कण मिळाले, पण ते ओळखीच्याच क्वार्कांच्या नव्या जुळण्या आहेत. आमच्या शोधांमधून निघतात त्या मर्यादा: अमुक प्रकारचा कण अमुक वस्तुमानापर्यंत नाही. झेडच्या जड भावंडासाठी काही मॉडेलांमध्ये ही मर्यादा पाच टीईव्हीच्या घरात पोचली आहे. लोक याला ‘काहीच सापडलं नाही’ म्हणतात. त्या एकेका रेषेखाली किती सिद्धांत कायमचे मिटले, हे ज्याने ते सिद्धांत शिकायला वर्षं घातली त्याला विचारा.

माझी स्वतःची काळजी आता वेगळी आहे. प्रोटॉनांचे गट सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. काय साठवायचं हे जागच्या जागी ठरवणारी यंत्रणा म्हणजे ट्रिगर. त्याचा पहिला टप्पा काही मायक्रोसेकंदांत निर्णय घेऊन त्यातले लाखभर ठेवतो, दुसरा टप्पा काही हजार. बाकीचं कायमचं जातं, परत बघायची सोय नाही. आणि काय ठेवायचं हे आपण आधी काय कल्पिलं त्यावर ठरतं. समजा एखादा कण जन्मल्याबरोबर न फुटता डिटेक्टरमध्ये मीटरभर जाऊन फुटला, तर त्याचे फोटॉन उशिरा आणि तिरके येतील. आपल्या नेहमीच्या अटी त्यांना कचरा समजून फेकून देतील. असे उशिरा आलेले फोटॉन शोधण्यावर मी सध्या काम करते. आमचे तेच स्फटिक वेळही चांगली मोजतात, नॅनोसेकंदाच्या छोट्या अंशापर्यंत. आणि २०३०च्या सुमारास उच्च तेजस्वितेचं, म्हणजे कितीतरी जास्त टकरी देणारं, यंत्र सुरू होईल, एका वेळी दोनशेपर्यंत टकरी एकमेकींवर चढतील, तेव्हा केवळ वेळ मोजण्यासाठी वेगळा थर बसलेला असेल.

तोवर आहे त्या यंत्रात जागा मिळवायची. पुढच्या ट्रिगर बैठकीत आम्ही सेकंदाला पाच घटना मागतोय, काही हजारांतल्या पाच. प्रत्येक गटाला त्या हव्या असतात, त्यामुळे वाद होणार. आमचा मुद्दा सरळ आहे: झेडवर आणि हिग्जवर आता पुरेसा डेटा आहे, उशिरा येणाऱ्या फोटॉनवर जवळजवळ काहीच नाही, आणि जे साठवलंच नाही त्यावर कुणाला मर्यादासुद्धा लावता येणार नाही.