एकाच रक्ताचे दोन आकडे कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

"रक्त एकाच वेळी काढलं, मग आयसीयूतल्या मशीनवर पीसीव्ही वेगळा आणि लॅबचा वेगळा कसा? कोणतं मशीन बिघडलंय?" लॅबच्या खिडकीशी हे मला इतक्या वेळा ऐकावं लागलंय की आता लिहूनच टाकते. पीसीव्ही म्हणजे रक्तातली किती टक्के जागा तांबड्या पेशींनी भरली आहे, तो आकडा. बहुतेक वेळा कुठलंच मशीन बिघडलेलं नसतं. आणि आम्ही आकडे मनाने टाकत नाही.

आयसीयूतली बरीच छोटी मशीनं पेशी मोजतच नाहीत. रक्तातून वीज किती सहज जाते, तेवढंच बघतात. प्लाझ्मातल्या, म्हणजे रक्तातल्या पातळ भागातल्या, सोडियम-क्लोराइडमुळे वीज वाहते. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, पण तिचं मेदाचं आवरण कमी फ्रिक्वेन्सीची वीज आत घेत नाही. म्हणजे पेशी जास्त, तर वीज कमी. सोडियम-पोटॅशियम कमीजास्त असलं तर मशीन ते हिशेबात घेतं. प्रोटीनसुद्धा वीज अडवतं, ते मात्र मशीन मोजत नाही, नेहमीइतकंच आहे असं धरून चालतं. एकूण प्रोटीन दर 100 मिलीलिटरला 6.5 ग्रॅमच्या खाली गेलं की दर ग्रॅममागे पीसीव्ही साधारण एका अंकाने कमी दिसतो.

एक अंक म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पावसाळ्यात डेंग्यूचा एक तरुण पेशंट होता. तापाच्या सुरुवातीला पीसीव्ही 37. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो, म्हणून पीसीव्ही वीस टक्क्यांनी चढला की धोका. इथे तो उंबरठा 44 च्या थोडा वर. रात्री आयसीयूच्या मशीनने 42 दाखवला, त्याच वेळच्या रक्ताचा माझा आकडा 45. एकात धोका नाही, दुसऱ्यात आहे. त्याचा थोरला भाऊ दोन्ही कागद घेऊन खिडकीशी आला. "मॅडम, यातला खरा कोणता ते सांगा. मी वर जाऊन काय सांगू?" मी त्याच नमुन्यावर प्रोटीन लावलं. 3.9. झिरपलेलं अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रोटीन) आणि वर चढवलेलं सलाईन, दोन्हींचा परिणाम. मी वर फोन करून सांगितलं. डॉक्टरांनी आकड्यांआधी पेशंटचे गार पडलेले हात, नाडी आणि लघवी बघितली होती. सलाईनचा वेग त्यांनी त्यावरूनच वाढवला. पेशंट वाचला. पण भावाला मी प्रोटीनचं सगळं समजावत होते, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्हणजे तुमचं तुम्हालाच माहीत नाही." मला ते फार लागलं. माहीत होतं, आणि वेळेवर सांगितलंही होतं.

तेव्हा मी ठासून म्हणायचे की लॅबचाच आकडा खरा. आमचा काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, एकेक पेशी बारीक छिद्रातून सोडतो. ती तिथे वीज अडवते, त्या अडथळ्यावरून तिचं आकारमान कळतं आणि प्रोटीनचा संबंधच येत नाही. हे आजही खरं आहे. पण साखर 700-800 झालेल्या मधुमेहीचं रक्त काउंटरमधल्या पातळ करायच्या द्रावणात पडलं की पेशी पाणी ओढून फुगतात, आणि मग जास्तीचा पीसीव्ही आमचा काउंटर दाखवतो. स्वतः साखर वीज वाहून नेत नाही, तरी असा गोंधळ घालते. मग खरा आकडा कोणता? नळीत रक्त जोरात फिरवून, पेशी तळाला बसवून बघावं, तर पेशींमध्ये थोडा प्लाझ्मा अडकून राहतोच, म्हणजे तोही आकडा थोडा जास्तच.

तरीही "मशीन खराब आहे" हे मी मान्य करणार नाही. आयसीयूतल्या मशीनवर काही मिनिटांत उत्तर मिळतं आणि रात्री त्याचाच आधार असतो. माझं मागणं एवढंच आहे की रिपोर्टवर पद्धत छापा, आणि सकाळचा लॅबचा आकडा नि रात्रीचा आयसीयूचा आकडा एका तक्त्यात खालीवर लिहून "चढला", "उतरला" म्हणू नका. आमच्याकडे यावर अजून वाद चालू आहे. काही डॉक्टरांच्या मते पद्धत छापल्याने नातेवाईक आणखी घाबरतील. मला ते पटलेलं नाही.