सतरा नंबर

मी टूर मॅनेजर आहे, अकरा वर्षं झाली या लायनीत, आणि मला पोहता येत नाही. आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. ग्रुप पाण्यात उतरतो तेव्हा मी बोटीत बसून चष्मे, मोबाईल, अंगठ्या, एखादी कवळी (हो, कवळीसुद्धा) सांभाळते आणि माणसं मोजते. खरं काम तेच. अंताक्षरी घेणं, वाढदिवसाला केक आणणं वगैरे सगळं वरवरचं.

तर ही सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझची गोष्ट, महिना जानेवारी. ग्रुप ४१ जणांचा, पुणे-सांगली-नाशिक आणि ठाण्याच्या दोन फॅमिली. फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, पाटोंग बीचसमोर समुद्रातच नांगर टाकून उभं राहिलं आणि तिथून छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर यायचं होतं. २६ जणांनी स्नॉर्केलिंग घेतलेलं, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत मासे बघायचे, बाकीचे शॉपिंगला.

आता यात दोन भानगडी असतात, ज्या क्रूझला पहिल्यांदा जाणाऱ्यांना माहीत नसतात. एक म्हणजे जहाजाकडूनच एक्स्कर्शन, म्हणजे किनाऱ्यावरची सहल, बुक केलेली असेल आणि परत यायला उशीर झाला तर जहाज साधारणपणे थांबतं, बाहेरून बुक केली असेल तर तुम्ही आणि तुमचं नशीब. आमच्या ऑफिसने बाहेरून केली होती, स्वस्त पडते ना. दुसरी भानगड घड्याळाची. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे, जहाजावर मात्र सिंगापूरचाच टाइम चालू होता, आणि मोबाईलने किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडलं की तो आपोआप एक तास मागे जातो. आदल्या रात्री मी सगळ्यांना घसा फोडून सांगितलं की शेवटची टेंडर तीनला, म्हणजे तुमच्या मोबाईलमध्ये दोनला. त्यावर एका काकांनी विचारलं, आणि आपल्याकडे किती वाजलेले असतील? म्हटलं साडेबारा, पण काका, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

मोजायची माझी पद्धत जुनी आहे, सहलीला शाळेत करायचे तशी. प्रत्येकाला नंबर, मी "चला" म्हटलं की एकापासून सुरू करायचं. त्या दिवसापुरते एक ते सव्वीस नंबर दिले होते. सतरा नंबर म्हणजे सांगलीचे काका, पाटबंधारे खात्यातून रिटायर, वय ६८, चष्मा मायनस सातचा आणि उजव्या कानात मशीन. माणूस एकदम दिलखुलास. लाइफ जॅकेट घालताना म्हणाले, "अगं, आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारलेला माणूस आहे मी, मला हे कसलं बाळुतं बांधतेस?" तरी बांधलंच. अठरा नंबर काकू. सोळा नंबर नाशिकचे काका, यांची आणि सतरा नंबरची सिंगापूरच्या बसमध्ये जी गट्टी जमली ती जमलीच. सतरा नंबरला मोजणी नीट ऐकू यायची नाही म्हणून सोळावाले स्वतःचा नंबर झाला की लगेच "सतरा"ही म्हणून टाकायचे. "सोळा, सतरा!" सगळे हसायचे. मीही हसायचे. हे लक्षात ठेवा.

पाटोंगहून व्हॅनने डोंगर ओलांडून चालोंगच्या जेटीवर गेलो. वाटेत त्सुनामी आली तर कुठल्या दिशेने पळायचं त्या निळ्या पाट्या दिसल्या आणि गाडीत जरा शांतता झाली, २००४ आठवतंच सगळ्यांना. जेटीवर सगळ्यांच्या चपला काढून एका टोपलीत ठेवायला लावतात, स्पीडबोटीत अनवाणीच. तिथून कोरल आयलंड, थाई नाव को हे, वीसेक मिनिटं. तेवढ्यातही काकूंना मळमळायला लागलं, म्हणून त्या आणि आणखी तिघं अशा चौघांना आधी बीचवर खुर्च्यांत बसवलं, आणि उरलेल्या २२ जणांना घेऊन बोट थोडी बाजूला, कोरल असलेल्या भागात गेली.

मग गाईडचे धडे. मास्कच्या काचेला आतून थुंकी लावून चोळायची म्हणजे वाफ धरत नाही, हे ऐकल्यावर ठाण्याच्या वहिनींचा चेहरा बघायला हवा होता. मिशीवाल्यांचा वेगळा प्रॉब्लेम, मिशीमुळे मास्क नाकाखाली चिकटत नाही आणि पाणी आत येतं, त्याला व्हॅसलिन लावायचं, तीन काकांच्या मिशा मी स्वतः व्हॅसलिनने चोपडल्या, अकरा वर्षांत काय काय केलंय. कोरलवर पाय ठेवायचा नाही, लांब काट्यांचे काळे सी अर्चिन दिसले तर लांब राहायचं, माशांना खायला घालायचं नाही. हे शेवटचं ऐकून एका काकूंनी हातातली बाकरवडीची पिशवी गपचूप माझ्याकडे दिली.

आणि चष्मा. चष्म्यावर मास्क बसत नाही, दांड्यांतून पाणी घुसतं. नंबरचे मास्क मिळतात पण त्या बोटीवर नव्हते. सतरा नंबर विचारत होते की चष्म्याचं काय करू, मीच म्हटलं द्या काका माझ्याकडे. मशीनही काढा, पाण्यात जाईल. जहाजाचं कार्डही द्या. सगळं माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकलं, चेन लावली, आणि मोठ्या कौतुकाने त्यांना शिडीवरून खाली सोडलं.

पाणी काय सुंदर होतं ते मी वरूनच सांगणार, पण वरूनही तळ दिसत होता. पिवळे-काळे पट्टेवाले मासे तर झुंडीने आमच्या बोटीच्या सावलीत यायचे. रिटायर्ड मुख्याध्यापिका होत्या ग्रुपमध्ये, त्या नळी तोंडात तशीच ठेवून ओरडत होत्या, म्हणजे फक्त भोंग्यासारखा आवाज येत होता, पण आनंदाचा आहे हे कळत होतं. आजूबाजूला आमच्यासारख्याच पाच-सहा बोटी, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची जॅकेटं नारिंगी, आणि पाण्यात सगळीकडे नारिंगी पाठी. माझी माणसं मी कपड्यांवरून, टोप्यांवरून, चष्म्यांवरून ओळखते. मास्क घातल्यावर यातलं काही उरतच नाही हे मला तेव्हा जाणवलं होतं, पण पुढचा विचार काही केला नाही.

पाऊण तासाने गाईडने शिट्टी मारली, एकेक जण वर यायला लागला, टॉवेल, पाणी, कोणाचा पाय खरचटला, कोणाची अंगठी पाऊचमधून काढून दे, एकच गोंधळ. मी "चला" म्हटलं. एक, दोन, तीन... सोळा, सतरा... अठरा बीचवर... सव्वीसपर्यंत आले. ओके. बोट निघाली. तेवढ्यात बोटीवरचा पोऱ्या क्रेटमधले मास्क मोजून माझ्याकडे आला, "वन मास्क नो." २२ दिलेले, २१ आलेत. मला वाटलं पडला असेल कोणाच्या तरी हातून, आता याच्यावर कुठे हुज्जत घाला, मी ५०० बाथची नोट काढून दिली. तो नोट घेऊन परत एकदा "वन मास्क नो" म्हणाला. मी म्हटलं अरे बाबा, दिले ना पैसे!

बीचवर उतरलो. काकू टॉवेल घेऊन पाण्यापर्यंत आल्या होत्या. एकेकाकडे बघत होत्या. शेवटचा माणूस उतरला तरी बघतच होत्या, आणि मग मला म्हणाल्या, "हे कुठायत?"

मी मागे वळून सोळा नंबरकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. "मी... मी नेहमीसारखं म्हटलं गं. ते मागे असतील असं वाटलं."

पुढची पस्तीस मिनिटं मला सलग आठवत नाहीत. गाईड, तो पोऱ्या, मी आणि हट्टाने चढलेले सोळा नंबर, आम्ही बोट वळवून परत गेलो. काकूंना मी काय सांगितलं तेही आठवत नाही, काहीतरी "आलेच बघा" टाइप बोलले असणार. पाण्यात अजून चाळीस-पन्नास माणसं होती वेगवेगळ्या बोटींची. सगळी पालथी. मला एक गोष्ट तेव्हा अशी काही लख्ख दिसली की अजून रात्री आठवते. स्नॉर्केलिंग करणारा माणूस आणि गेलेला माणूस लांबून सारखाच दिसतो. दोघंही तोंड पाण्यात घालून निवांत तरंगत असतात. हात-पाय मारणं, आरडाओरडा हे सगळं सिनेमात, एरवी माणूस आवाज न करता जातो. गाईड प्रत्येकाजवळ बोट हळू करून शिट्टी मारायचा, ते डोकं वर काढायचे, मास्कमागून कोणीतरी परका चेहरा वैतागून बघायचा, आणि मी पुढच्या नारिंगी पाठीकडे बोट दाखवायचे. सोळा नंबर काहीच बोलत नव्हते, नुसते कठडा धरून उभे. पाऊच माझ्या मांडीवर होता आणि त्यात त्यांचा चष्मा, मशीन, कार्ड. चपला चालोंगला टोपलीत. म्हणजे मायनस सातच्या माणसाला मी आंधळा, बहिरा आणि बिननावाचा करून समुद्रात सोडलं होतं आणि वर म्हटलं होतं, एन्जॉय करा.

गाईड सतत मोबाईलवर होता. तिकडे सगळे लाइन नावाचं ॲप वापरतात, आपल्या व्हॉट्सॲपसारखं, त्यावर या बोटवाल्यांचा आपसात ग्रुप असतो. मी देवाला काय काय कबूल करत होते ते सांगत नाही. अचानक त्याने बोट थांबवली आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. फोटो. एका बोटीत दहा-बारा चिनी बायकांच्या मधोमध सतरा नंबर, कपाळावर मास्क, एका हातात अननसाची फोड, कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. म्हणजे कॅमेऱ्याच्या साधारण दिशेने.

सोळा नंबर मटकन खाली बसले.

ती बोट त्याच बेटाच्या दुसऱ्या बीचवर, बनाना बीचवर गेली होती. आम्ही पोचलो तर काका वाळूत मजेत बसलेले. त्यांची बाजू अशी की शिट्टीसारखं काहीतरी ऐकू आलं, समोर पांढरी बोट अंधूक दिसली, शिडीवरून कोणीतरी हात दिला, चढलो. नारिंगी जॅकेटवाली मंडळी बसलेली होती, आपलीच असणार. बोलत होती पण मशीन नसल्यामुळे मला तसंही सगळ्यांचं बोलणं असंच ऐकू येतं. "अननस दिला तेव्हा वाटलं, ऑफिसने या वेळी खर्च केलेला दिसतोय." त्यांच्या गाईडने उतरवताना मोजलं तेव्हा एक जास्त भरला. त्याने हॉटेल विचारलं, नाव विचारलं, काका प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून थँक्यू म्हणत होते. मी चष्मा डोळ्यांवर चढवला, मशीन हातात दिलं. चष्म्यातून त्यांनी आधी मला बघितलं, मग आजूबाजूला, आणि मग म्हणाले, "अरेच्चा."

काकूंनी मिठी-बिठी मारली नाही. टॉवेल दिला आणि "डोकं पुसा आधी" एवढंच म्हणाल्या. पाच मिनिटांनी खुर्चीमागे जाऊन रडल्या, मी बघितलं. सोळा नंबर दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. त्यांचा काय दोष होता, चांगल्या मनाने करत होते आणि रोज मी ते ऐकून हसत होते. मोजणं माझं काम होतं.

जेवण पॅक करून बोटीत घेतलं, पाटोंगच्या घाटात ट्रॅफिक लागला, व्हॅनमध्ये कोणी चिवड्याचं पाकीटसुद्धा फोडलं नाही, आणि आम्ही टेंडरच्या रांगेत उभे राहिलो तेव्हा मोबाईलमध्ये १:४८ झाले होते. म्हणजे जहाजाचे २:४८. रात्री मी केबिनमध्ये बसून ऑफिसला सगळं लिहून पाठवलं, काही लपवलं नाही, चष्म्याचंही लिहिलं. आता मी दुसऱ्याचा नंबर कोणालाच म्हणू देत नाही, आणि पोऱ्याचे मास्क मोजून होईपर्यंत बोट हलू देत नाही. मायनस तीन आणि मायनस पाचचे दोन मास्क स्वतःच्या पैशांनी घेतलेत, ते माझ्या बॅगेत असतात.

ते ५०० बाथ राहिलेच. काका आमच्या बोटीत चढले तेव्हा मास्क कपाळावर तसाच होता. पोऱ्याने तो काढून घेतला, क्रेटमध्ये टाकला, परत एकदा सगळे मोजले, बावीस, आणि खिशातून माझीच नोट काढून माझ्यापुढे धरली. मी त्याची मूठ बंद केली, ठेव म्हटलं. टूरच्या हिशेबात ते "मास्क हरवला, ५००" असं आधीच लिहून झालं होतं ते तसंच राहिलं, आणि पंधरा दिवसांनी अकाउंट्समधून फोन आला, मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये मास्क सापडला म्हणताय, मग हे पाचशे कशाचे?