मसल कार घेण्यापूर्वी: आधी पत्रा, मग क्रमांक, शेवटी इंजिन

१९६४ साली पाँटिअ‍ॅकने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचे व्ही-एट इंजिन बसवून जीटीओ बाजारात आणली आणि अमेरिकेत मसल कारचा, म्हणजे मोठ्या दमदार इंजिनाच्या गाड्यांचा, जमाना सुरू झाला. त्या जमान्यातील गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. अशी गाडी पाहायला गेलेला बहुतेक ग्राहक सर्वप्रथम बॉनेट उघडायला सांगतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. बिघडलेले इंजिन पुन्हा बांधता येते, त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि खर्चाचा अंदाजही आधी बांधता येतो. गंजाने पोखरलेल्या बॉडीचा खर्च मात्र पत्रा कापल्याशिवाय कळत नाही आणि गाडीची ओळखच खोटी असेल, तर ती कितीही पैसे ओतून खरी करता येत नाही.

म्हणून सुरुवात पत्र्यापासून करावी. मिशिगन, ओहायो यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिकडे वापरलेली गाडी आणि अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मागच्या चाकांवरील कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा तळ या नेहमीच्या जागा आहेतच. पण मागच्या काचेचे खालचे दोन कोपरे मी विशेष बारकाईने पाहतो. छतावर व्हिनाइलचे आवरण असेल तर त्याखाली ओल साठते, कोपरे कुजतात आणि पाणी थेट डिकीत उतरते. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले, की ते जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे हे समजते. रंगाची जाडी मोजणारे उपकरण असल्यास अधिक उत्तम. कारखान्यातील रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीत तो त्याहून जाड भरतो आणि आकडा हजारापलीकडे गेला, तर त्या ठिकाणी पुट्टी आहे असे खुशाल समजावे.

१९६५ ते १९६८ च्या फोर्ड मस्टँगमध्ये एक दुखणे हमखास असते आणि ते वरून दिसत नाही. पुढच्या काचेखाली, वायपरच्या जाळीच्या आत, दोन पत्रे जोडून केलेली एक बंद पेटी आहे. गाडीत हवा घेण्यासाठी त्या पेटीत उभ्या गळ्याची दोन तोंडे आहेत. वर्षानुवर्षे पालापाचोळा अडकून त्या गळ्यांच्या बुडाशी ओल राहते आणि पत्रा कुजतो. याची परीक्षा सोपी आहे. एकाने जाळीवर सावकाश पाणी ओतावे आणि दुसऱ्याने डॅशबोर्डखाली डोके घालून टॉर्चच्या उजेडात पाहावे. पाणी बाजूच्या निचऱ्यातून बाहेर न पडता पायाखालच्या गालिच्यावर ठिबकू लागले, तर फेंडर (पुढच्या चाकांवरील पत्रे) उतरवून, असंख्य स्पॉट-वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) सोडवून ती पेटी उघडावी लागणार हे नक्की. विक्रेता हरकत घेत असेल, तर गालिचा उचलून खालचा पत्रा तरी पाहू द्यावा, असा आग्रह धरावा.

मस्टँग आणि कुडा (क्रायस्लरच्या प्लिमथ ब्रँडची गाडी) यांना वेगळी चॅसी नाही, त्यांची बॉडी हीच त्यांची चॅसी आहे. त्यामुळे खालचे लांब आडवे-उभे पट्टे कुजले, तर गाडीचा कणाच मोडतो. शेव्हरोलेची शेव्हेल आणि जीटीओ यांना स्वतंत्र चॅसी असते, तरी तीही मागच्या चाकांजवळ पोकळ झालेली असू शकते. कन्व्हर्टिबल (छत उघडता येणारी) गाडी पाहत असाल, तर ती जॅकवर उचलून दारे उघडून-मिटून पाहावीत. दार अडकू लागले, तर सांगाडा वाकतो आहे.

यानंतर गाडीची ओळख. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ ही कागदोपत्री टेम्पेस्टच्या लेमान्स या प्रकारावर जादा पैसे देऊन घेतलेला एक पर्याय होती, त्यामुळे कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकावरून (व्हीआयएन) ती जीटीओ आहे हे सिद्ध होत नाही. १९६६ पासून क्रमांक २४२ ने सुरू होऊ लागला आणि प्रश्न सुटला. शेव्हेलचे नेमके उलटे घडले. १९६६ ते १९६८ या काळात १३८ ने सुरू होणारा क्रमांक एसएस ३९६ ची (सुपर स्पोर्ट, ३९६ घन इंचांचे इंजिन) खूण होता, पण १९६९ पासून एसएस हा केवळ पर्याय ठरला. म्हणूनच १९७० च्या एसएस ४५४ साठी बांधणीपत्रासारखा (गाडीत काय काय बसवायचे याची कारखान्यातील यादी) अस्सल कागद मागावाच लागतो. तो कित्येकदा सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. क्रायस्लरच्या गाड्यांत काम सोपे आहे, कारण १९७० च्या कुडाच्या क्रमांकातील पाचवे अक्षर ‘आर’ असेल, तर ती कारखान्यातून ४२६ हेमी इंजिन घेऊनच निघाली होती. त्या वर्षी हेमी इंजिनाच्या कन्व्हर्टिबल कुडा अवघ्या १४ तयार झाल्या, तेव्हा तशी गाडी कोणी समोर आणली तर हे अक्षर आधी वाचावे. १९६७ आणि त्यानंतरच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी ऑटो वर्क्स कारखान्याच्या नोंदींवरून अहवाल देते; पाँटिअ‍ॅकसाठी तेच काम पाँटिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस (पीएचएस) करते.

‘नंबर मॅचिंग’, म्हणजे इंजिन गाडीचे मूळचेच आहे, असा दावा असेल, तर शेव्हरोलेच्या इंजिनावर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे जी लहानशी सपाट पट्टी असते, ती रॉकेलच्या फडक्याने पुसून भिंगाखाली पाहावी. कारखान्यातील यंत्रकामाच्या बारीक समांतर रेषा तिथे दिसायला हव्यात आणि आकडे त्या रेषांवर ठोकलेले असावेत. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, तर कोणीतरी ती घासली आहे. मात्र प्रामाणिक दुरुस्तीतही ब्लॉकचा माथा घासला जातो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. इंजिनाच्या ब्लॉकवरील ओतकामाची तारीखही वाचावी. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. गाडी फेब्रुवारीत तयार झाली असेल, तर ते इंजिन तिचे असूच शकत नाही. १९६९ च्या कमॅरोची आख्खी बॉडी आज नवी मिळते, त्यामुळे डॅशबोर्डवरील क्रमांकपट्टीचे रिव्हेट आणि मालकीचे कागदही ताडून पाहावेत.

यांत्रिक बाजूबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे आणि त्याआधी हात लावून ते खरोखर थंड असल्याची खात्री करावी. निळा धूर सुरुवातीला थोडा येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील गेले आहेत. तो येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा संपल्या आहेत. १९६७ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा भाग) एकेरी असतो, त्यामुळे एका चाकाशी गळती झाली तरी सगळे ब्रेक जातात. आधीच्या मालकाने तो दुहेरी करून घेतला असेल, तर अस्सलपणा गेला म्हणून मी किंमत पाडून मागणार नाही.

लेमान्सची जीटीओ केलेली गाडी चालवायला तितकीच आनंदाची असते आणि विक्रेता ते उघड सांगत असेल, तर ती घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त किंमत लेमान्सची आणि केलेल्या कामाची द्यावी, जीटीओची नव्हे. गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहू द्यायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याशी किमतीची बोलणी सुरूच करू नयेत.